मशीन ओळखतं, गेट ओळखत नाही

वाचताच डोकं फिरावं असं एखादं विखारी पत्रक तुम्ही कधी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचलंय का? मी वाचलंय. दिल्लीजवळ, हरियाणातल्या मानेसरमधल्या एका चहाच्या टपरीच्या पत्र्यावर ते डकवलेलं होतं. त्यातले पहिले तीन परिच्छेद माझे होते.

आमच्या सोलापुरातल्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि पत्रक लिहिण्यापासून वाटण्यापर्यंत सगळं आमच्या दोन खोल्यांतूनच चालायचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू. तेलुगू मजकूर वेळेत आला नाही की ती बाजू कोरी राहायची आणि मला गणितं सोडवायला कागद मिळायचा. जेवताना बाबा कच्चा मजकूर वाचून दाखवायचे. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "हे वाक्य लांबलं. मागावरचा माणूस इथवर पोचायचा नाही." बाबा निमूटपणे ते वाक्य तोडायचे. त्यांचा स्वतःचा नियम एकच होता, खाली नाव हवं. लिहिणाऱ्याचं, छापणाऱ्याचं. नाव नसलेला कागद ते हातातसुद्धा घेत नसत.

माझा मावसभाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडेच असायचा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पत्रकाची घडी घालायला त्याच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. मी मधेच वाचत बसायची, तो नुसता घड्या घालत जायचा, सगळ्या सारख्या.

मी मोठी झाले ती एक गोष्ट गृहीत धरूनच. खरं काय ते नीट शब्दांत मांडलं की माणसं समजून घेतात. याच समजुतीवर मी दिल्लीला आले आणि नोएडातल्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या व्हिडिओंना हिंदी मजकूर लिहायला लागले. ऑफिसात माझी कीर्ती भांडखोर म्हणून आहे. एका शब्दासाठी मी बैठक अर्धा तास लांबवू शकते.

दोन वर्षांनी मावसभाऊ मानेसरला आला. सोबत त्याचा आयटीआयमधला दोस्त होता. दोघे फिटर. एकाच बाकावरचे, एकाच डब्यातले. दोस्त मुसलमान. त्याचं घर सोलापुरात आमच्यापासून वीस मिनिटांवर. दोघांना एका ठेकेदारामार्फत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि जवळच्या गावात एक खोली. खोली कसली, लांबलचक इमारतीतल्या एका मजल्यावरच्या चौदा दारांपैकी एक दार. हरियाणवी घरमालक तळमजल्यावर म्हशी बांधायचा.

पहिल्या काही महिन्यांत मी बऱ्याच रविवारी तिकडे जायची. राजीव चौकला मेट्रो बदलायची, शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, मग शेअर रिक्षा. दोस्त स्वयंपाक करायचा. मावसभावाला कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचंही काम जमत नव्हतं. दोघांची दिवसभर अस्सल सोलापुरी भांडणं चालायची.

"काय बे, तिखट कुठं ठेवलास?"

"डोळ्यासमोर हाय की बे. डोळेबी घरी सोडून आलास काय?"

बाहेर पडलं की दोघांची हिंदी इतकी अदबीची व्हायची की मला हसू यायचं. परक्या मुलखात माणूस पाऊल जपून टाकतो, तशी ती हिंदी होती.

तिथे एक पद्धत आहे. ठेक्यावरच्या कामगाराला ठरावीक महिने झाले की 'ब्रेक' देतात. ब्रेक म्हणजे विश्रांती नाही. एका दिवशी गेटवर कार्ड चालत नाही, सुरक्षारक्षक मान हलवतो, झालं. काही आठवड्यांनी ठेकेदार परत बोलावतो किंवा बोलावत नाही. बोलावलं तर तुम्ही पुन्हा नवे. जुनी सेवा पुसलेली, पगार पहिल्या पायरीवर. कुणी कायम होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. मी तिच्याबद्दल बरंच वाचलं होतं. कायद्याची कलमं तोंडपाठ होती.

पहिला ब्रेक दोघांना एकदमच मिळाला. संपल्यावर दोस्ताला आधी बोलावलं. त्या रविवारी मी गेले होते तेव्हा भाजी परतता परतता तो म्हणाला, "मशीनजवळ गेलो ना ताई, तर हात आपोआप कामाला लागला. त्याचा तो डावीकडं ओढायचा खोडसाळपणा अजून तसाच. मशीन ओळखतंय बे मला. गेट ओळखत नाही."

मी पिशवीतून वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. मावसभाऊ त्याला म्हणाला, "झालं. आता तुझी फुकटात छपाई व्हणार."

त्यानंतर माझ्या ऑफिसात निवडणुकीचा हंगाम आला. सुट्ट्या बंद झाल्या. मी मानेसरला जाणं सोडलं असं नाही, पण पुढच्या रविवारी जाऊ असं दर रविवारी ठरवत राहिले. फोनवर मी त्यांना लेखांच्या लिंका पाठवायची. नव्या कामगार संहितांवर एक फार चांगला लेख आला होता, तो तर दोनदा पाठवला.

त्याच दिवसांत गावाच्या चौकात एका संघटनेनं केंद्र उघडलं. तिचं नाव मी लिहीत नाही. तिथे सगळे नुसतं 'मंच' म्हणतात. मंचाच्या केंद्रात भविष्यनिधीचे अर्ज भरून मिळत. कोणत्या कारखान्यात भरती आहे याची यादी रोज सकाळी फळ्यावर लिहिलेली असे. कुणाला रक्त लागलं, कुणाचं आधार कार्ड अडलं, की मंचाची पोरं मोटरसायकलवरून हजर. मावसभावाला दुसरा ब्रेक मिळाला तेव्हा घरमालक खोली सोडायला सांगू लागला. मंचाची दोन माणसं म्हशींच्या गोठ्यात जाऊन मालकाशी बोलली आणि विषय मिटला. दोस्तही त्याच खोलीत राहायचा, म्हणजे त्याचंही छप्पर त्या दिवशी मंचानंच वाचवलं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त एवढंच कळलं की मावसभाऊ संध्याकाळी केंद्रात बसायला लागलाय, त्याचं अक्षर चांगलं म्हणून त्याच्याकडे रजिस्टर दिलंय आणि तिथे त्याला नावापुढे 'जी' लावतात.

एके दिवशी त्यानं व्हॉट्सॲपवर एक हिंदी मसुदा पाठवला. पत्रक काढतोय, तू लिहिण्यातली आहेस, जरा नीट करून दे, असं खाली लिहिलं होतं.

मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला अभिमान वाटला. घड्या घालणारा पोरगा आता पत्रक काढतोय. मजकूर ब्रेकबद्दलच होता. ठेकेदारी, पुसलेली सेवा, गेटवरचा अपमान. एकही ओळ मला न पटणारी नव्हती. भाषा मात्र भोंगळ होती. मी ऑफिसात बसून, कामाच्या वेळात, ती घासूनपुसून काढली. लांब वाक्यं तोडली. पहिलं विशेषण उडवलं. आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी दोस्ताचं वाक्य बसवलं. 'मशीन हमें पहचानती है, गेट नहीं पहचानता.' खाली लिहिणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव नव्हतं. घरच्या सवयीनं ते मला लगेच खटकलं. मी तसं कळवलं. प्रेसवाला टाकेल, असं त्याचं उत्तर आलं. मी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि जेवायला गेले.

दोन आठवड्यांनी दोस्ताचा फोन आला. तो कधी फोन करत नसे. म्हणाला, ताई, एकदा येऊन जा.

टपरीजवळ तो माझी वाट बघत उभा होता. पत्र्यावरचा कागद त्यानं बोटानं दाखवला. मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद माझा. दुसरा माझा. तिसरा माझा, त्याच्या शेवटी ते वाक्य, ठळक अक्षरांत. आणि खाली चौथा परिच्छेद, जो मी पाहिलाच नव्हता. तो असा सुरू होत होता, 'फिर गेट पहचानता किसे है?' पुढे उत्तर होतं. बाहेरून आलेले, कमी पैशांत राबणारे, एका खोलीत दहा जण राहणारे, 'त्या' धर्माचे. तुमची नोकरी ठेकेदारानं नाही, त्यांनी खाल्ली. घरमालकांनी त्यांना खोल्या देऊ नयेत. मंचाचे कार्यकर्ते दारोदार येऊन नोंद करतील, त्यांना सहकार्य करा. तळाला कुणाचंही नाव नव्हतं.

माझी तीन परिच्छेदांची शिडी लावून तो चौथा वर चढला होता. ती शिडी नसती तर टपरीवरच्या अर्ध्या माणसांनी तो वाचलाही नसता.

दोस्त म्हणाला, "वाक्य बरं बसलंय, ताई."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. 

मग त्यानं शांतपणे सगळं सांगितलं. नोंद झाली आहे. त्या इमारतीतल्या चौदा दारांत तीन नावांपुढे खूण आहे, त्यातलं एक त्याचं. मालकानं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे, मालक वाईट माणूस नाही, त्यालाही गावात राहायचं आहे. ठेकेदार मंचाच्या यादीवरूनच माणसं घेतो, त्यामुळे पुढच्या ब्रेकनंतर बोलावणं येणार नाही. रजिस्टरमधलं अक्षर मावसभावाचं आहे. दोस्तानं कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही त्याला बोलून बघा. मी बोललो की तो भांडी घासायला घेतो."

मी तशीच केंद्रात गेले. जाताना डोक्यात वाक्यं जुळवत होते. आत शिरले आणि ती सगळी निकामी झाली. रविवार होता, माणसांची ओळ दारापर्यंत आली होती. एक बाई नवऱ्याच्या अपघाताचे कागद घेऊन आली होती आणि मंचाचा एक माणूस तिला, अगदी सख्ख्या दिरासारखा, कुठे सही करायची ते समजावत होता. कोपऱ्यात पाण्याचा माठ, वर स्वच्छ फडकं. पंखा ओळीतल्या लोकांकडे वळवलेला. मी कितीतरी सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत, आमच्या बाजूच्या संघटनांची कार्यालयंही पाहिली आहेत. तिथे पंखा खुर्चीत बसणाऱ्याकडे असतो.

मावसभाऊ टेबलामागे बसला होता. मला बघून उठला, शेजाऱ्याला म्हणाला, "दीदी आई हैं, दो मिनट," आणि मला घेऊन मागच्या गल्लीत आला.

मी सुरुवात जोरात केली. तुझ्या बाकावरचा माणूस आहे तो, तुझ्यासाठी इतके महिने भात लावलाय त्यानं, आणि तू त्याच्या नावापुढे खूण करतोस? तो ऐकून घेत होता. मी म्हटलं, बाहेरचा तर तूही आहेस. सोलापूर काय हरियाणात आहे का?

"मी पण तेच विचारलं," तो म्हणाला. "तर म्हणाले, तू आपला आहेस. ताई, इथं आल्यापासून मला आपला म्हणणारे हे पहिलेच."

"आणि तो? त्यानं काय म्हटलं होतं तुला?"

त्यानं केंद्राच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, त्याला मी सांगितलंय आधीच, दुसरीकडे खोली बघ म्हणून. मी त्याच्या बाजूनं बोललो तर मी पण जाईन. दोघं जाण्यापेक्षा एक राहिला तर बरं नाही का?

"तू घाबरलायस की तुला हे पटलंय?"

या प्रश्नावर त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "आधी घाबरलोच होतो. पण रोज संध्याकाळी तेच बोलायचं, तेच ऐकायचं. आता मलाच सांगता येत नाही बघ."

मी पुन्हा बोलायला लागले. ठेकेदार कसा नामानिराळा राहिला, तुम्हाला एकमेकांवर कसं सोडलंय, इतिहासात असं कुठे कुठे झालं. सगळं खरं होतं. त्यानं मला मधेच थांबवलं.

"ताई, माझा पुढचा ब्रेक कधी आहे?"

मला माहीत नव्हतं.

"त्यांना माहीत आहे. ब्रेकच्या दिवशी सकाळी त्यांचा माणूस गेटवर उभा असतो. कार्ड चाललं नाही की खांद्यावर हात ठेवून चहाला नेतो. मागच्या वेळी त्या दिवशी तू मला लिंक पाठवलीस."

तो आत गेला. ओळ वाढली होती.

मी बाबांना फोन केला. पत्रकाची गोष्ट सांगितली. चौथा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला.  मग म्हणाले, "उत्तर काढ. नावानिशी." त्यांना दुसरं काही माहीत नाही. मलाही नव्हतं.

मी उत्तर काढलं. दोन रात्री बसून लिहिलं, माझं पूर्ण नाव टाकलं, प्रेसचं नाव टाकलं, रजा घेतली आणि कंपनीच्या बसगाड्या सुटतात तिथे सकाळच्या पाळीच्या वेळी उभी राहिले. ते वाक्य मी पुन्हा वापरलं होतं, कारण ते ज्याचं होतं त्याला ते परत मिळावं असं मला वाटत होतं. लोकांनी कागद घेतला. नम्रपणे घेतला, बाईमाणूस उभी आहे म्हणून. एकानं चालता चालता वरच्या ओळी वाचल्या, वाक्यापाशी पोचला आणि सोबत्याला म्हणाला, "अरे, ये तो मंचवाला ही है." सोबत्यानं मान डोलावली. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला, मला म्हणाला, "बहुत अच्छा काम कर रहे हो आप लोग, बहनजी," आणि बसमध्ये चढला.

त्याला मी काय सांगणार होते? बस निघाली होती. मी उरलेले कागद पिशवीत भरले आणि रिक्षा पकडली.

महिनाअखेरीस दोस्त गेला. पुण्याजवळ चाकणला त्याचा चुलतभाऊ आहे, तिथे बघतो म्हणाला. तिथेही ठेकेदारच आहेत. मी स्टेशनवर सोडायला गेले. एक पिशवी आणि एक गादीची वळकटी. कुकर मागे ठेवून आला होता. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला पातेल्यात भात जमत नाही. करपवतोय."

मावसभाऊ स्टेशनवर आला नाही. गाडी सुटायच्या आधी दोस्ताचा फोन वाजला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, घेतला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. हा फक्त 'हं', 'हां' म्हणत होता. शेवटी म्हणाला, "तीन शिट्ट्या बे. तीनच. मग गॅस बंद," आणि फोन ठेवला.

हे असं का होतं, लोक या टोकाला का जातात, असं मला नोएडातले मित्र विचारतात. त्यांच्याकडे उत्तरंही असतात. लोकांना भडकावलं जातं, लोक अडाणी आहेत, फोनवर काहीबाही वाचतात. मीही अशी उत्तरं दिली आहेत. माझा मावसभाऊ अडाणी नाही आणि त्याला कुणी भडकावलं नाही. गेट बंद झालं त्या सकाळी तिथे एक माणूस उभा होता. त्यानं चहा पाजला, खोली वाचवली, नावापुढे 'जी' लावला. द्वेष त्यानं सगळ्यात शेवटी मागितला आणि तोवर नाही म्हणायला फार उशीर झाला होता. मला इतिहास ठाऊक होता, भाषा येत होती आणि बाजूही बरोबर होती. यातलं काहीही त्या सकाळी गेटवर नव्हतं.

आता मावसभावाशी बोलणं होतं, जेवलास का एवढंच. मी वाद घालत नाही. वाद घातला की तो फोन ठेवतो आणि माझ्याकडे तेवढंच एक दार उरलंय. त्याला परत आणायचं कसं, हे मला माहीत नाही. दोस्ताला काय देऊन भरपाई करायची, हेही नाही. चाकणहून त्याचे फोन येतात, तो मावसभावाची चौकशी करतो आणि मी खोटं सांगते, बरा आहे म्हणून.

तुम्हाला पटवण्यासाठी माझ्याकडे घासलेलं वाक्य उरलेलं नाही. एक मागणं आहे. तुमच्या नात्यातलं कुणीतरी आत्ता कुठल्यातरी ठेक्यावर, कंत्राटावर, तात्पुरत्या कामावर असेल. त्याला आज विचारा, तुझा ब्रेक कधी आहे. तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी रजा काढा, आणि सकाळी त्याचं कार्ड चालणार नाही तेव्हा गेटबाहेर उभे राहा. लिंक पाठवू नका, समजावू नका, चहाला घेऊन जा. आणि त्याच्या खोलीत दुसरं कोण राहतं, तेही विचारून घ्या. त्यालाही सोबत घ्या.